कवळी दिली, कोटा संपला

बीडीएसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली मुलं दातांपेक्षा कोट्याबद्दल, म्हणजे प्रत्येक कामाच्या ठरवून दिलेल्या संख्येबद्दल, जास्त बोलतात. फिलिंग झाली, दाढा झाल्या, दोन कवळ्या राहिल्यात, कुणाकडे पेशंट आहे का? भारतीय दंत परिषदेच्या २००७ च्या नियमावलीतही इंटर्नशिपच्या कामांपुढे आकडेच आहेत. आता १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. नियम नव्याने लिहायचे तर हे आकडे तसेच उतरवून घेऊ नयेत.

कोट्याचे समर्थक म्हणतात, हे हाताचं शास्त्र आहे, हात करून करूनच बसतो. आकडा नसेल तर पोरं कॅन्टीनमध्ये बसतील. कॅन्टीनचं मला मान्य आहे. पण हात जसा चालवावा तसाच बसतो. वरची मागची दाढ आरशात पाहून कोरायची असते. आरशातली उलटी दिशा सुरुवातीला गोंधळात टाकते, म्हणून विद्यार्थी मान वाकवून थेट तोंडात डोकावतो. कुणी टोकलं नाही तर पन्नासाव्या दाढेलाही तो तसाच वाकलेला असतो, आणि जर्नलमध्ये पन्नास सह्या असतात.

कवळीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. पहिलं माप, मग कडा घडवून घेतलेलं दुसरं माप, जबड्यांचा मेळ, मेणातली चाचणी आणि शेवटी कवळी हातात. चार-पाच खेपा होतात. कवळी दिली की सही मिळते, कोटा संपतो. खरी परीक्षा मात्र तिथून सुरू होते. आजोबा दोन दिवसांनी येतात, म्हणतात टोचतंय. नेमकं कुठे टोचतंय, दोष कडेचा आहे की दात चुकीचे टेकतात म्हणून कवळी सरकतेय, हे ओळखून तेवढंच घासायचं, ही या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट. तिला जर्नलमध्ये रकाना नाही. मग विद्यार्थी आजोबांना टाळतो आणि आजोबा कवळी डबीत ठेवून देतात.

कोट्याने नजरही बिघडते. फिलिंग बाकी असेल त्याला तोंडात कीड दिसते, हिरडीतला पू दिसत नाही. पू दुसऱ्या विभागाचा! केसपेपर घेऊन पेशंट मजले चढतो-उतरतो. पेशंट मिळेना म्हणून मावशीला, वॉचमनला खुर्चीवर बसवणं, त्यांची फी खिशातून भरणं हेही चालतं. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी बोलत नाही.

यावर यंत्रांचा तोडगा सुचवणारेही आहेत. फँटम हेडवरचा, म्हणजे कृत्रिम डोक्यावरचा, सराव हवाच. ऑस्वाल्ड फर्गस यांनी १८९४ मध्ये ती कल्पना मांडल्यापासून कुणी ते नाकारलेलं नाही. आता ड्रिलखालच्या दाताचा कठीणपणा हाताला जाणवून देणारे सिम्युलेटरही आले आहेत. पण त्या डोक्याला जीभ नाही, लाळ नाही, भीती नाही. खालच्या जबड्याची भूल फसली आणि पेशंटने खुर्चीचे हात घट्ट धरले, की पुन्हा सुई द्यायची, थांबायचं की सरांना बोलवायचं, हे प्लास्टिकचं डोकं विचारत नाही.

आकडे पुसून टाका असं मी म्हणत नाही. किमान संख्या ठेवा, पण सही कशावर मिळते ते बदला. काही पेशंट विद्यार्थ्याकडे पूर्ण सोपवा: हिरडी, कीड, दाढ, कवळी सगळं त्याच्याच देखरेखीखाली आणि पुढच्या तपासण्यांसह. कवळीची सही ती वापरून पेशंट परत आल्यावरच. आणि दर पायरीला अध्यापकाने पाहावं, झाल्यावर नव्हे.

अध्यापकांना एवढा वेळ कुठून, असा आक्षेप येईलच. सत्र संपताना जर्नलांचा ढीग समोर घेऊन महिन्यामागच्या कामांवर सह्या करण्यात जातो, तिथून.