पहिला हात कुणाच्या डोळ्यावर बसवायचा?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आपल्या आजीचा अंगठा ज्या कागदावर घेतात तो कधी वाचलाय? मी वाचलाय, बऱ्याचदा. आमच्या तालुक्यातली म्हातारी माणसं शिबिराच्या गाडीनं नेणं-आणणं हे काम मी गेली अकरा वर्षं करतोय. ऑपरेशन कोण करणार, त्याचं हे कितवं ऑपरेशन, हे लिहिलेला एकही कागद मला अजून दिसलेला नाही.

शिकाऊ डॉक्टरांवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. त्यांनाही शिकावंच लागणार. आज नाव कमावलेल्या प्रत्येक सर्जननं कधीतरी आपला पहिला डोळा केलेला आहे. माझा प्रश्न एवढाच, की तो पहिला डोळा नेहमी पिवळ्या रेशनकार्डवाल्याचाच का असतो? कारखान्याच्या चेअरमनच्या आईच्या डोळ्यावर कुणी हात बसवायला जात नाही.

काम किती नाजूक आहे बघा. आपलं भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. पिशवीच्या पुढच्या बाजूला पाच-साडेपाच मिलिमीटरचं गोल तोंड पाडायचं, आतलं गढूळ भिंग काढायचं आणि त्याच पिशवीत नवीन भिंग बसवायचं. पिशवीची मागची बाजू केसापेक्षाही कितीतरी पातळ. ती फाटली की मागचा जेलीसारखा द्रव पुढे येतो, भिंग नीट बसेना होतं, पडद्याला धोका वाढतो. शिकाऊ हातून हे जास्त वेळा होतं. ही निंदा नाही, नेत्रतज्ज्ञांनी स्वतःच मोजलेली गोष्ट आहे.

यावर उपाय आहे आणि तो आजचा नाही. पुतळ्याचं डोकं, वर मायक्रोस्कोप, पायाखाली पेडल, हातात अवजारं आणि डोळा कॉम्प्युटरमधला. चुकलं तर स्क्रीनवरचा डोळा फाटतो, मार्क कापले जातात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ब्रिटनमध्ये अशी यंत्रं आल्यावर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ सर्जनच्या हजारो ऑपरेशनांचा हिशेब मांडला गेला. यंत्र मिळालेल्यांच्या हातून पिशवी फाटण्याचं प्रमाण २००९ साली ४.२ टक्के होतं, ते २०१५ साली २.६ टक्क्यांवर आलं.

'ते ब्रिटन आहे हो, आपल्याकडे कुठं पैसा?' हे मला हमखास ऐकवतात. मग केनिया, टांझानिया, युगांडा, झिम्बाब्वेचं घ्या. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांचे दोन गट केले. एका गटाला आधी कृत्रिम डोळ्यांवर कसून सराव दिला, दुसऱ्याला नेहमीसारखं शिकवलं. २०२१ साली निकाल छापून आला. सराव केलेल्यांकडून पिशवी फाटली ७.८ टक्के डोळ्यांत, दुसऱ्यांकडून २६.६ टक्के. म्हणजे शंभरामागे जवळजवळ एकोणीस डोळ्यांचा फरक. आणि हे महागड्या यंत्रानं नाही, कृत्रिम डोळ्यांनी साधलं. युगांडाला जमतं ते महाराष्ट्राला परवडत नाही?

विमानाचं उदाहरण मी मुद्दाम देतो. वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवण्याचा धंदा ज्यानं अमेरिकेत उभा केला, त्या अल उल्ट्शी यांनीच म्हातारपणी 'हेल्पमीसी' ही संस्था काढली. आपल्या शिबिरांत होते त्या बिनटाक्याच्या छोट्या छेदाच्या ऑपरेशनसाठी तिनं सिम्युलेटर बनवला. तिचं प्रशिक्षण केंद्र मुंबईतही आहे. म्हणजे गोष्ट सातासमुद्रापलीकडची नाही, एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर आहे.

काही ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात, 'आम्ही बकऱ्याच्या डोळ्यावर शिकलो, काही बिघडलं नाही.' बिघडलं की नाही हे ज्याच्या डोळ्यावर शिकलात त्याला विचारायला हवं ना? बकऱ्याच्या डोळ्यावर टाका घालायला शिकता येतं, पण त्याच्या भिंगाची पिशवी माणसासारखी फाटत नाही.

उलट बाजूही आहे. २०२३ साली जे. जे. रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी आंदोलन केलं, तेव्हा ऑपरेशन करायला मिळत नाही ही त्यांची एक तक्रार होती. वरिष्ठांनी ती नाकारली. त्या वादात मी पडत नाही. पण हात न बसलेला डॉक्टर पदवी घेऊन गावात येणं हेही तितकंच वाईट. यंत्रावर तयार झालेल्या पोराच्या हाती डोळा द्यायला वरिष्ठही कचरणार नाहीत.

एकदा एका तरुण डॉक्टरला मी विचारलं होतं, पहिल्या वेळी काय वाटलं? तो म्हणाला, 'काका, हात थरथरत होता आणि पेशंट जागा होता.' सुन्न केलेला असतो तो डोळा, कान नाही. टेबलावरच्या माणसाला सगळं ऐकू येत असतं.

म्हणून मागण्या तीनच. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ठरावीक तास सराव आणि त्याची परीक्षा पास झाल्याशिवाय जिवंत डोळ्याला हात नाही. यंत्र येईपर्यंत कृत्रिम डोळे या वर्षीच घ्या. आणि संमतीपत्रावर ऑपरेशन करणाऱ्याचं व बाजूला उभ्या असलेल्या वरिष्ठाचं नाव मराठीत लिहा, अंगठा घेण्याआधी वाचून दाखवा.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी पालकमंत्र्यांना निवेदन देतोय. ज्यांच्या घरी कुणाचं ऑपरेशन झालंय किंवा व्हायचंय, त्यांनी सहीसाठी खाली नाव आणि गाव लिहा. डॉक्टर मंडळींनीही लिहा, तुमच्या सह्या जास्त हव्या आहेत.