दुसऱ्या सत्राचे शंभर दिवस

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरल्या आहेत. दहावीच्या वर्गावर जाणारे शिक्षक या आठवड्यात हमखास एक वाक्य बोलतात : आता शंभरच दिवस उरले. हिशेब बरोबर आहे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा सुरू होते, बारावीची त्याच्या दहाएक दिवस आधी. अलीकडच्या वर्षांत दोन्ही परीक्षांना मिळून तीस लाखांच्या आसपास मुले बसतात. म्हणजे तितक्या घरांत या दिवसांत एकच विचारणा चालू असते : अभ्यासाला नेमके कधीपासून लागायचे, आणि रोज किती तास बसायचे?

या विचारणेला दोन उत्तरे रूढ झाली आहेत. पहिले उत्तर क्लासचालकांचे. नववीची वार्षिक परीक्षा आटोपली की आठवड्याभरात व्हेकेशन बॅच सुरू, आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा दहावीचा निम्मा पोर्शन ‘झालेला’. दुसरे उत्तर घरातल्या धास्तीचे. जानेवारीत प्रिलिमचे गुण हाती आले की टीव्ही बंद, क्रिकेट बंद आणि मग रात्रीचा दिवस. एक फार लवकर सुरू होते, दुसरे फार उशिरा. तरी दोन्हींत एक समजूत सारखीच आहे : धडा एकदा संपवला की तो आपला झाला. आमचा आक्षेप या समजुतीला आहे.

शिकलेले किती वेगाने विसरते, याचे मोजमाप सव्वाशे वर्षांहून जुने आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या मालिका स्वतः पाठ केल्या, ठरावीक वेळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तासाभरातच निम्म्याहून अधिक कमाई गेलेली होती. एका दिवसानंतर तिसरा हिस्सा उरला, महिन्यानंतर जेमतेम पाचवा. अर्थ असलेला धडा निरर्थक अक्षरांपेक्षा जास्त टिकतो हे खरे, पण सुरुवातीची घसरण तिथेही होतेच. एबिंगहाउसचे दुसरे निरीक्षण मात्र आपल्या शाळांत फारसे पोचलेले नाही. बारा अक्षरांची मालिका एका बैठकीत ६८ वेळा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी जितकी सोपी गेली, तितकीच ती तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यावर गेली. जवळजवळ निम्म्या श्रमांत तेवढेच फळ. प्रिलिमनंतर बारा-बारा तास बसणारे मूल आळशी नसते. ते ६८ च्या वाटेने निघालेले असते आणि तिकडे त्याला आपणच धाडलेले असते.

मराठी घरांना ही गोष्ट प्रयोगाशिवाय ठाऊक होती. तिन्हीसांजेला दिवा लागला की मुले पर्वचा म्हणायला बसत. वार, तिथी, नक्षत्रे, मग पाढे, मग पावकी, निमकी, दिडकी, औटकीपर्यंत. हातात पुस्तक नसे, जे असेल ते तोंडून निघायला हवे असे, आणि हे रोज असे. पुढे घोकंपट्टीवर टीका झाली आणि ती रास्त होती, कारण अर्थ कोणी विचारतच नसे. पण त्या टीकेच्या भरात आपण रोजची उजळणीसुद्धा मोडीत काढली. अर्थ समजून घ्यायचा आणि तोच पुन्हा पुन्हा पुस्तकाविना आठवायचा, या दोन्ही गोष्टी एका वर्गात नांदू शकतात. किंबहुना नांदल्याच पाहिजेत.

पुस्तक मिटण्याला इतके महत्त्व का, हे २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी दाखवून दिले. त्यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. आपल्या मुलांचा बहुतेक अभ्यास पहिल्या प्रकारचा असतो. ओळींवर पिवळा हायलायटर फिरवत धडा तिसऱ्यांदा वाचला की सगळे ओळखीचे वाटते आणि मूल समाधानाने उठते. परीक्षेत मात्र ओळखीचे वाटणे कामाला येत नाही. तिथे कोऱ्या पानावर भिंगाची किरणाकृती काढावी लागते.

तेव्हा अभ्यासाला कधी लागायचे, याचे आमचे उत्तर असे. ज्या दिवशी वर्गात धडा शिकवला, त्याच संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे, पुस्तक मिटून. मग काही आठवड्यांनी पुन्हा, सहामाहीला पुन्हा, जानेवारीत पुन्हा. दोन उजळण्यांत किती अंतर असावे, यावरही काम झाले आहे. सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासानुसार परीक्षा जितकी दूर, त्याच्या साधारण दहा ते वीस टक्के अंतर फायद्याचे ठरते. परीक्षा दूर असेल तर अंतर आठवड्यांचे असावे आणि ती जवळ येईल तसे ते दिवसांवर यावे. मेमध्ये पोर्शन संपवून डिसेंबरपर्यंत त्याकडे न पाहणारा मुलगा लवकर लागला असे आम्ही म्हणणार नाही. त्याची फक्त सुटी गेली.

मग जूनपासून काहीच केले नाही त्याने आता काय करायचे? घाबरायचे नाही, हे पहिले. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकांत बीजगणिताची ६ प्रकरणे आहेत, भूमितीची ७, विज्ञानाच्या दोन भागांची प्रत्येकी १०. एकूण ३३. रोज एक प्रकरण घेतले तरी शंभर दिवसांत तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत समजून घेणे, दुसरीत न पाहता लिहिणे, तिसरीत वेळ लावून प्रश्नपत्रिका सोडवणे. भाषा आणि समाजशास्त्रे त्याला जोडून बसतात. हे एखाद्याच असामान्य मुलाला जमणारे काम नव्हे. ठाण्यातल्या, परभणीतल्या, सावंतवाडीतल्या साध्या मुलालाही ते जमेल, फक्त शंभर दिवस हे शंभर दिवस म्हणून वापरले पाहिजेत. अपेक्षित प्रश्नसंच शेवटच्या तीस दिवसांत वाचून काढायचे ठरवले, की सत्तर दिवस आधीच वजा होतात.

आता तास. शाळेच्या दिवशी दोन तास, फार तर अडीच. हे ऐकून अनेक पालक अस्वस्थ होतील, पण दिवसाचे गणित मांडून पाहावे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांनी आठ ते दहा तास झोपावे, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेची शिफारस आहे, आणि दिवसा शिकलेले पक्के होण्यात झोपेचा वाटा मोठा असतो. सकाळच्या अधिवेशनाची शाळा सातला भरत असेल तर मूल साडेपाचला उठते, म्हणजे साडेनऊला त्याने अंथरुणावर असायला हवे. शाळा, जाणे-येणे, जेवणखाण, तासभर मैदान हे सारे वजा केले की दोन तास नीट उरतात. त्यात क्लासचे दोन तास कोंबले, तर उजळणीसाठी काहीच उरत नाही. शिकवणे दोनदा होते आणि आठवणे एकदाही होत नाही. परीक्षेपूर्वीच्या अभ्यासाच्या सुटीत पाच-सहा तास ठीक, तेही तुकड्यातुकड्यांत.

रात्री जागून अभ्यास करणाऱ्या थोरांची उदाहरणे याविरुद्ध नेहमी पुढे केली जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीतील एका खोलीत शिकले. जागा इतकी अपुरी की वडील रामजी सकपाळ त्यांना लवकर झोपवत आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवत. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. या आठवणीतून मुलांना जागायला सांगणे म्हणजे तिचा निम्माच अर्थ घेणे होय. त्या घरात बसायला जागा नव्हती, म्हणून ती वेळ निवडावी लागली. वरळीत आजही एका रस्त्याला सगळे ‘अभ्यास गल्ली’ म्हणून ओळखतात. बीडीडी चाळींतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी तिथे रस्त्याच्या दिव्याखाली पुस्तके वाचली. त्या मुलांचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. पण शाळांच्या इमारती संध्याकाळी कुलूपबंद ठेवणाऱ्या शहराने त्या अभिमानावर भागवू नये. शंभर दिवस दोन वर्ग रात्री नऊपर्यंत उघडे ठेवायला एक शिपाई, एक शिक्षक आणि विजेचे बिल एवढेच लागते.

‘कधी’ या शब्दाची सर्वांत कठोर बाजू बीडच्या, धाराशिवच्या, जालन्याच्या वाड्यावस्त्यांवर दिसते. दिवाळी झाली की तिथले कोयते साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात. गाळप हंगाम मार्चपर्यंत, कधी त्यापुढेही चालतो आणि दहावीची परीक्षा नेमकी त्याच्या पोटात येते. आई-वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे न जाण्याचा पर्याय नसतो. पंधरा वर्षांची मुलगी एकतर फडावर धाकट्यांना सांभाळते, नाहीतर गावात म्हाताऱ्या आजीजवळ राहून घर ओढते. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वयापुरते, म्हणजे ती ऐन गरजेच्या वर्षी त्याच्या बाहेर पडते. तिच्यासाठी शंभर दिवसांचा हिशेब लागूच होत नाही. तिचे खरे सत्र जून ते ऑक्टोबर असते. त्या भागांतील शाळांनी तिची पहिली फेरी आणि एक संपूर्ण सराव परीक्षा दिवाळीपूर्वीच घ्यायला हवी आणि हंगामी वसतिगृहांत नववी-दहावीच्या मुलींसाठी जागा राखून ठेवायला हव्यात. यंदा टोळ्या नुकत्याच निघाल्या आहेत, काही अजून निघायच्या आहेत. मुख्याध्यापकांनी या आठवड्यात हजेरीपट घेऊन प्रत्येक घरी जावे आणि मुलगी गावात राहील, जेवेल आणि संध्याकाळी शाळेत बसेल, याची व्यवस्था ग्रामपंचायतीबरोबर लावावी.

उरलेल्या शाळांकडे दोन मागण्या. प्रत्येक तासिकेची पहिली दहा मिनिटे जून-जुलैत शिकवलेल्या धड्यांना द्यावीत : पुस्तके दप्तरात, कोरा कागद समोर, गुण नाहीत, ओरडा नाही. आणि जानेवारीच्या प्रिलिमचे पेपर आठवड्याच्या आत तपासून मुलांच्या हातात द्यावेत, कुठे काय राहिले ते शेजारी बसून दाखवावे. अनेक शाळांत ते महिन्याने मिळतात, आणि तोवर मुले हॉल तिकीट घेऊन घरी गेलेली असतात.