नकाराचे कारण नोंदवा

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचे लक्ष स्वभावतःच गणनेकडे, छाननीकडे आणि तक्त्यांच्या मांडणीकडे असते, आणि फाइल उघडण्याची ओळ हा त्याला प्रारंभीचा एक उपचार वाटतो. परंतु बंद पडलेल्या स्क्रिप्टा दुरुस्त करण्याची जबाबदारी ज्यांनी पत्करली आहे त्यांना हे पक्के ठाऊक आहे की, रात्री मुकाट्याने शून्य ओळींचा अहवाल तयार करून वर काम फत्ते झाल्याचा दाखला देणारी स्क्रिप्ट पुष्कळदा याच ओळीवर फसलेली असते. ‘फाइल उघडत नाही’ एवढी तक्रार कानी पडताच कोणी नाव तपासावयास सांगतो, कोणी सर्व परवानग्या खुल्या करावयास सांगतो, कोणी यंत्र पुन्हा सुरू करून पाहावयास सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिम फाइल उघडण्यास जेव्हा नकार देते तेव्हा ती नकाराचे कारणही देत असते. ते कारण विचारून न घेता केलेला तपास हा निव्वळ अंदाजाचा खेळ होय.

युनिक्सच्या परंपरेत या कारणांना क्रमांक आहेत आणि त्यांतील महत्त्वाचे सर्वांना मुखोद्गत असावेत. क्रमांक २ म्हणजे त्या नावाचे काही सापडले नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. २१ म्हणजे जिला फाइल समजून लिहावयास घेतले ती वस्तुतः डिरेक्टरी आहे. २४ म्हणजे एका प्रक्रियेने उघड्या ठेवावयाच्या फाइलींची मर्यादा संपली. आणि लिनक्सवर २८ म्हणजे डिस्कवर जागा उरली नाही. पर्लमध्ये हे कारण $! या चलात मिळते, तर पायथनने ३.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फाइलनॉटफाउंडएरर’ आणि ‘परमिशनएरर’ असे स्वतंत्र अपवादच निर्माण केले. फरक एवढाच की पायथन न सांगताही थांबते, आणि पर्लमधील साधे ‘ओपन’ केवळ असत्य हे उत्तर देऊन पुढील ओळीकडे वळते. पायथनच्या या सौजन्याचा लाभ न घेता सरसकट ‘एक्सेप्ट’ लिहून त्याखाली ‘पास’ लिहिणारे लेखक आपल्यात थोडे नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

पर्लमधील एक जुना दोष येथे मुद्दाम नमूद करतो, कारण तो अद्यापही जुन्या स्क्रिप्टांमधून नव्या स्क्रिप्टांमध्ये नकलून येत असतो. कंस न घालता लिहिलेल्या ‘ओपन’पुढे || आणि ‘डाय’ अशी योजना केली, तर || हे चिन्ह प्राधान्यक्रमाने वरचढ असल्यामुळे फाइलच्या नावालाच जाऊन चिकटते, आणि नाव रिक्त नसेल तर ‘डाय’ची पाळी कधीच येत नाही, देखावा पहाऱ्याचा, पण पहारा नाही. तेथे सर्वांत कनिष्ठ प्राधान्याचे ‘ऑर’ हवे. शिवाय $! मधील कारण लगेच जपून ठेवावे, कारण मध्ये दुसरे एखादे काम केले की त्याचे मूल्य बदलू शकते. ५.६ आवृत्तीबरोबर २००० मध्ये आलेले तीन घटकांचे ‘ओपन’ वापरावे. दोन घटकांच्या जुन्या रूपात नावाच्या मागचापुढचा मोकळा अवकाश गळून पडतो, आणि नावाच्या शेवटी उभी रेघ आली तर ते नाव आज्ञा समजून चालवले जाते. ५.१०.१ पासून ‘ऑटोडाय’ हे मॉड्यूल पर्लबरोबरच येते आणि तपासणीचे हे ओझे स्वतःकडे घेते, म्हणून विस्मरणशीलांसाठी तोही एक राजमार्ग आहे.

कारण हाती आले म्हणजे त्याचे वाचन करावयाचे. क्रमांक २ आला आणि फाइल तर डोळ्यांपुढे दिसते आहे, असा प्रसंग सर्वांत अधिक येतो. त्या वेळी पहिला प्रश्न हा की स्क्रिप्ट कोणत्या डिरेक्टरीत उभी राहून ते नाव शोधते आहे. कारण क्रॉनने चालवलेले काम बहुधा त्या वापरकर्त्याच्या गृह-डिरेक्टरीत सुरू होते, आणि टर्मिनलवर बिनतक्रार चालणारा सापेक्ष मार्ग तेथे निरर्थक ठरतो. दुसरा प्रश्न हा की नाव खरोखर तेच आहे काय. यादीतून वाचलेल्या नावामागे ओळ संपल्याचे चिन्ह राहिले असेल, किंवा यादी विंडोजवर तयार झाल्यामुळे नावाच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटले असेल, तर ते डोळ्यांना दिसत नाही; म्हणून संदेशात नाव नेहमी अवतरणचिन्हांत छापावे. विंडोजवर ‘यादी.टीएक्सटी’ असे दिसणारे नाव विस्तार लपवण्याच्या सोयीमुळे वास्तविक दोन विस्तारांचे असू शकते. आणि लिहिण्यासाठी उघडताना क्रमांक २ आला, तर फाइलचा विचार सोडून तिच्या मार्गातील एखादी डिरेक्टरीच अस्तित्वात नाही असे समजावे.

आपल्या भाषेत नावे ठेवणाऱ्यांसाठी याच सदरात आणखी एक सूक्ष्म प्रकरण मोडते. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द युनिकोडमध्ये ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, त्याचप्रमाणे साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्यानेही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु यूटीएफ-८ मध्ये पहिले ३३ बाइटांचे आणि दुसरे ३६ बाइटांचे होते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्था नावांची तुलना बाइटांनी करतात, म्हणून एका कळफलकाने ठेवलेले नाव दुसऱ्या कळफलकाने शोधू गेल्यास सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणीकरण केले तरी अदृश्य जोडचिन्हाचे रूप वेगळेच राहते, तेव्हा त्याची स्वतंत्र व्यवस्था करावी लागते. एका नावास मिळणाऱ्या २५५ बाइटांत देवनागरीची, अक्षरे, मात्रा आणि हलन्त मिळून, अवघी ८५ चिन्हे मावतात, हेही लांबलचक मथळ्यांची फाइल-नावे करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

क्रमांक १३ च्या बाबतीत फाइलची परवानगी पाहून थांबणे पुरेसे नाही. मार्गातील प्रत्येक डिरेक्टरीवर प्रवेशाची परवानगी लागते, आणि वरची एक जरी बंद असली तरी खालची सर्व उदारता व्यर्थ जाते. ‘नेमआय -l’ ही आज्ञा मार्गाची एकेक पायरी तिच्या परवानग्यांसह दाखवते. वेब सर्व्हरने चालवलेली स्क्रिप्ट आपल्या नव्हे तर सर्व्हरच्या नावाने चालते, हेही विसरू नये. एसईलिनक्स जागे असेल तर परवानग्या निर्दोष असूनही हाच क्रमांक येतो. आणि विंडोजवर तीच फाइल एक्सेलमध्ये उघडी असली तर पायथन परवानगीचीच तक्रार करते. अशा वेळी ७७७ देऊन मोकळे होणे म्हणजे नकाराचे कारण न समजता पहाराच उठवणे होय. जेथे कसलाच उलगडा होत नाही तेथे ‘एसट्रेस’ चालवून स्क्रिप्टने कोणते नाव मागितले आणि कर्नलने काय उत्तर दिले हे प्रत्यक्ष पाहावे.

उघडण्यापूर्वी फाइल आहे काय अशी चौकशी करणे अनेकांना खबरदारीचे वाटते. परंतु चौकशी आणि उघडणे यांच्या मधल्या क्षणात दुसरी प्रक्रिया ती फाइल हलवू शकते, म्हणून त्या चौकशीने उघडण्याच्या तपासणीची गरज संपत नाही. उघडावे आणि उत्तर पाहावे, हाच शुद्ध मार्ग.

या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे की प्रत्येक ‘ओपन’ने अपयशी झाल्यावर मागितलेले नाव, चालू डिरेक्टरी, वाचनासाठी की लेखनासाठी हा हेतू, आणि सिस्टिमने दिलेले कारण, या चार गोष्टी त्रुटीच्या प्रवाहात लिहून शून्येतर निर्गमन-संकेत देऊन थांबावे. काम पुढे चालवणे आवश्यक असेल तर तेही चालेल, मात्र अहवालात कोणती फाइल वगळली गेली याची नोंद असावी. हा नियम आमच्या लेखकांनाही लागू आहे: जागेच्या अभावी तपासणी गाळलेल्या कार्यक्रमांचे नमुने आतापर्यंत या मासिकात छापले जात, पुढील अंकापासून अशा नमुन्यांना येथे स्थान मिळणार नाही, मग त्यासाठी प्रत्येक लेखास चार ओळी अधिक द्याव्या लागल्या तरी हरकत नाही.