दर्याकडे पाठ

अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानात ऐतिहासिक कादंबऱ्यांचं कपाट पाहा. गड, खिंडी, वाडे, घोडदळ. समुद्र आलाच, तर जंजिऱ्याच्या तटापर्यंत. कान्होजी आंग्र्यांवरचं मनोहर माळगावकरांचं पुस्तक पुलंनी मराठीत आणलं, पण ते चरित्र आणि मूळ इंग्रजीच.

तिकडे पॅट्रिक ओब्रायनने 1969 पासून नेपोलियनकाळातल्या आरमारावर वीस कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या एकीत पात्रं थेट मुंबईत उतरतात! 'द लेटर ऑफ मार्क'मध्ये (1988) नौदलातून बडतर्फ झालेला नायक आपल्या जुन्याच जहाजावरून, आता सरकारी परवाना घेऊन, शत्रूची जहाजं धरतो. तोफा त्याच, लूट तीच. परवाना आहे म्हणून फास चुकतो. 1800 साली बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' धरणारा रॉबेर सुरकूफ असाच परवानेवाला. फ्रान्समध्ये तो आजही वीर आहे.

याच काळात मालवणची गलबतंही जहाजं धरत होती. बंदर कोल्हापूरच्या छत्रपतींचं, तरी कंपनीच्या लेखी हे खलाशी निव्वळ चाचे. समुद्रावर दस्तक देण्याचा आंग्र्यांचा हक्कही तिने कधी मनापासून मानला नव्हता. 1812 मध्ये कोल्हापूरकरांना मालवण आणि सिंधुदुर्ग, सावंतवाडीकरांना वेंगुर्ला कंपनीला द्यावं लागलं.

कादंबरी इथे आहे. मात्र आपल्याकडे ती कुणी लिहिली, तर मालवणचा प्रत्येक तांडेल पहिल्याच प्रकरणात देशभक्त होईल, अशी मला धास्ती वाटते. धरलेल्या जहाजावरचा माल काही दर वेळी इंग्रजांचाच नसे. घरी सावकार, दारात पावसाळा आणि वाटणीवरून भांडणारे सोबती असलेला माणूस मला वाचायचाय.

पुण्याला हा विषय अडचणीचाही आहे. 1756 मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला नानासाहेब पेशव्यांची फौज होती. 1812 मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात, संगमावर, रेसिडेंट एल्फिन्स्टन बसला होता. म्हणजे निम्मी कादंबरी इथेच घडते.

उरलेल्या निम्मीसाठी मतलई वारा कधी सुटतो, गुराब कशी वळते, हे ठाऊक हवं. ते शनिवारवाड्याभोवती फिरून कळणार नाही. पुण्याहून मालवणला रात्रीची बस मिळते.