रेपोची आरती पुरे

दर दोन महिन्यांनी एका सकाळी दहा वाजता रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर निवेदन वाचायला बसतात. त्याच्या आधी तासभर वाहिन्यांवर उलटी मोजणी चालू असते आणि निवेदनाची पहिली दोन पाने संपायच्या आत निकाल लागलेला असतो: रेपो उतरला, गुंतवणूकदारांची दिवाळी, रेपो चढला, जपून राहा. दलाली पेढ्यांची परिपत्रके दुपारपर्यंत हेच सांगतात आणि संध्याकाळी तेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर येते. इतक्यांदा ऐकल्यामुळे आपल्याला तो नियम वाटू लागला आहे. माझे म्हणणे असे, की हे अर्धसत्य आहे, आणि साफ खोट्यापेक्षा अर्धसत्यानेच गुंतवणूकदाराचे खिसे जास्त कापले आहेत.

पूर्वपक्षाला त्याचे श्रेय आधी देऊ. कंपनी पुढच्या दहा वर्षांत जो नफा मिळवणार, त्याची आजची किंमत काढायची तर व्याजदराचा हिशेब घालावाच लागतो. दर उतरला की दहा वर्षांनंतरच्या शंभर रुपयांचे आजचे मोल वाढते. कर्ज स्वस्त होते, कारखानदार नवी यंत्रे घेतो, ठेवींवरचे व्याज घटल्याने थोडा पैसा शेअरकडे वळतो. यातले एकही विधान चुकीचे नाही. फक्त त्या प्रत्येकामागे ‘बाकी सारे तसेच राहिले तर’ अशी अट आहे आणि ती सोयीस्करपणे गाळली जाते. मध्यवर्ती बँक दराला हात लावते तीच मुळी बाकी सारे हलू लागलेले असते म्हणून.

आपल्याच बाजाराचा इतिहास उघडून पाहा. ऑक्टोबर २००५ ते मार्च २००७ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो ६ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ७.७५ वर नेला. नियमाप्रमाणे बाजार गळायला हवा होता. पण त्या ऑक्टोबरात आठ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २००७ संपताना वीस हजारांच्या पुढे होता. मग उलटे पाहा. २० ऑक्टोबर २००८ रोजी रेपो ९ वरून ८ झाला आणि मार्च २००९ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत ५ वर आला. साडेचार महिन्यांत चार टक्क्यांची कपात! तरीही कपातींना सुरुवात झाली तेव्हा दहा हजारांच्या वर असलेला सेन्सेक्स ९ मार्चला सव्वाआठ हजारांच्या खाली होता. पुढे तो उसळला, हे प्रतिपक्ष लगेच दाखवून देईल. खरेच उसळला. पण जगभरचे बाजारही त्याच मार्चात तळ गाठून वर फिरले होते, आणि १८ मे २००९ ची ती प्रसिद्ध उसळी, ज्या दिवशी वरची मर्यादा गाठल्याने व्यवहार थांबवावे लागले, ती निवडणूक निकालांची होती. त्या दिवशी रेपो जागचा हललाही नव्हता.

अमेरिकेतही तेच. ३ जानेवारी २००१ रोजी फेडरल रिझर्व्हने अचानक अर्धा टक्का दर उतरवला आणि नॅसडॅक एका दिवसात १४ टक्के चढला. त्या वर्षभर दर उतरतच राहिला, ६.५ वरून १.७५ पर्यंत; नॅसडॅकची घसरण मात्र ऑक्टोबर २००२ पर्यंत थांबली नाही. सप्टेंबर २००७ ते डिसेंबर २००८ मध्ये हाच दर ५.२५ वरून जवळजवळ शून्यावर आला, आणि ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात एसअँडपी ५०० ने निम्म्याहून अधिक किंमत गमावली.

डॉक्टरने औषधाची मात्रा दुप्पट केली, हे ऐकून घरचे लोक पेढे वाटत नाहीत. ताप किती चढला, हे आधी विचारतात. दरकपातीची बातमी आली की आपण मात्र पहिल्याने पेढ्यांचा पुडा सोडतो. कपात दोन तऱ्हेची असते. महागाई निवळली, मालाला उठाव आहे, म्हणून केलेली कपात शेअरबाजाराला मानवते. धंदा बसत चालला म्हणून घाईने केलेल्या कपातीत नफ्याचे आकडे दरापेक्षा वेगाने खाली येतात. २०१९ हे दुसऱ्या तऱ्हेचे आपल्याकडचे ठळक उदाहरण. फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात पाच वेळा दर उतरला, ६.५० चा ५.१५ झाला, आणि विकासदर घसरतच गेला. त्या वर्षात बाजाराने एका दिवसात १,९०० अंशांची उडी मारली ती २० सप्टेंबरला, सरकारने कंपनी कर कमी केला तेव्हा.

यावर दुसरा बचाव असा येतो, की लांबचे सोडा, निदान त्या दिवशी तरी बाजार दराप्रमाणे चालतो. तेही तपासू. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो ०.४० टक्क्याने वाढवला आणि सेन्सेक्स तेराशे अंशांनी कोसळला. ३० सप्टेंबर २०२२ रोजी वाढ त्याहून मोठी होती, ०.५० टक्का, आणि सेन्सेक्स हजार अंशांनी चढला. वाढ मोठी, तरी बाजार वर! कारण साधे आहे. मे महिन्यातली बैठक ठरल्या वेळापत्रकाबाहेरची होती. महिन्याभरापूर्वीच्या बैठकीत दर जागेवर ठेवलेला, त्या दिवशी एलआयसीचा भागविक्रीचा पहिला दिवस, कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. सप्टेंबरातली अर्धा टक्का वाढ सगळ्यांनी आधीच भावात धरली होती. निवेदनात त्याहून वाईट काही निघाले नाही, एवढ्यावर बाजार सुटकेचा श्वास टाकून मोकळा झाला. ७ फेब्रुवारी २०२५ ला जवळपास पाच वर्षांनी पहिली कपात झाली आणि सेन्सेक्स सुमारे दोनशे अंश खाली बंद झाला, त्याचेही उत्तर हेच. पाव टक्का तर सगळ्यांनी धरलाच होता, त्याहून अधिक काहीतरी हवे होते.

म्हणजे बाजार आकडा वाचत नाही, आकडा आणि अपेक्षा यांतला फरक वाचतो. आणि हा फरक घरी बसलेल्या माणसाला दहा वाजून पाच मिनिटांनी कळून काही उपयोग नाही, कारण तो ज्यांना कळायचा त्यांना दहा वाजून पाच सेकंदांनी कळलेला असतो. निवेदन ऐकून खरेदी-विक्रीची घाई करण्यातून दलालांपलीकडे कुणाचे भले होते, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

आता आकड्यांकडे. ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाई दर ०.२५ टक्के निघाला, २०१२ च्या आधारवर्षाच्या मालिकेतला नीचांक. ‘महागाई संपली, आता दर उतरणारच’ असा गजर झाला. पण हा दर वर्षापूर्वीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ६.२१ टक्के होता. भाज्या तेव्हा वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या. त्या उंचीवरून भाज्या नुसत्या नेहमीच्या भावावर आल्या तरी आकडा खाली कोसळणारच. त्यात २२ सप्टेंबरपासूनची जीएसटी कपात मिळाली. शाळेची फी, दवाखान्याचे बिल आणि घरभाडे यांतले काहीही त्या महिन्यात उतरले नव्हते. अन्न आणि इंधन वगळून मोजली जाणारी गाभा महागाई तेव्हाही चार टक्क्यांच्या वर होती, आणि तिला सोन्याच्या भावाने फुगवले होते. एकाच महिन्याचे दोन आकडे, एक ओरडतो थंडी, दुसरा म्हणतो उकाडा; दोन्ही खरे.

याचा आरसा म्हणजे जुलै २०२३. महागाई ७.४४ टक्के, आणि गुन्हेगार कोण तर टोमॅटो. आमच्या नारायणगावच्या बाजाराचे भाव तेव्हा राष्ट्रीय बातम्यांत होते. आता दर वाढणार, कर्जरोखे विका, असे सल्ले फिरले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टातही दर वाढवला नाही आणि ऑक्टोबरातही नाही, आणि ते शहाणपणाचे होते. टोमॅटोची लागवड करून दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो. रेपोचा परिणाम अर्थव्यवस्थेत झिरपायला वर्ष-दीड वर्ष जाते. ऑक्टोबर २०२३ पर्यंत महागाई पाचाच्या खाली आली, रेपोने नव्हे, शेतकऱ्याने आणली. ज्या निर्देशांकात अन्नपदार्थ आणि पेयांचा वाटा जवळजवळ ४६ टक्के होता, त्याच्या एका महिन्याच्या आकड्यावरून पतधोरणाचे भाकीत करणे म्हणजे पावसाचे भाकीत करणेच.

विकासदराची गंमत तर याहून न्यारी. जुलै-सप्टेंबर २०२५ या तिमाहीत देशाचे उत्पन्न ८.२ टक्क्यांनी वाढले, असे नोव्हेंबरअखेर जाहीर झाले. मथळे झळकले, आणि लगोलग प्रश्न आला: मग कंपन्यांचे निकाल एवढे बेताचे का? उत्तर त्याच तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात होते. ८.२ हा महागाई वजा केलेला दर. चालू किमतींनुसार वाढ होती ८.७ टक्के, आणि कंपन्यांची विक्री, पगार, करवसुली, कर्जाचे हप्ते हे सारे चालू रुपयांतच होत असते. महागाई जवळजवळ शून्यावर असताना चकाकणारा खरा विकासदर शेअरच्या मिळकतीत तेवढा उतरत नाही. मथळा वाचणाऱ्याला वाटले बाजार आंधळा आहे. बाजार रकाना वाचत होता. शिवाय असा पहिला आकडा शेवटचा नसतो: २०२३-२४ चा विकासदर आधी ८.२ सांगितला, नंतर तो ९.२ झाला. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये आधीच्या वर्षभराच्या रोजगारसंख्येतून ८ लाख १८ हजार नोकऱ्या प्राथमिक दुरुस्तीत एका झटक्यात वगळल्या गेल्या. त्या नोकऱ्यांच्या जोरावर महिन्यामहिन्याला ज्यांनी सौदे केले, त्यांना कुणी पैसे परत केले नाहीत.

आणखी एक समजूत, विशेषतः निवृत्तांना विकली जाणारी: रेपो उतरतोय, म्हणून दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचे फंड घ्या, रोख्यांचे भाव चढणार. ६ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेने एकदम अर्धा टक्का दर उतरवला, रोख राखीव प्रमाणही एक टक्क्याने कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्याच निवेदनात धोरणाचा पवित्रा ‘उदार’ वरून ‘तटस्थ’ केला. रोखेबाजाराने तो एक शब्द ऐकला: पुढे फारसे मिळणार नाही. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा त्यानंतर चढत गेला आणि ऑगस्टअखेर साडेसहा टक्क्यांच्या पुढे पोचला. म्हणजे रोख्यांचे भाव पडले. रेपो खाली, परतावा वर. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये हेच अधिक उघड दिसले. फेडने दर एक टक्क्याने उतरवला आणि दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा तेवढाच, किंबहुना थोडा अधिकच, वर गेला. मध्यवर्ती बँकेच्या हातात एका रात्रीच्या उसनवारीचा दर असतो. दहा वर्षांचा दर सरकारची तूट, पुढची महागाई आणि परदेशी भांडवल मिळून ठरवतात.

इथे दुसरा पक्ष उठून उभा राहतो आणि म्हणतो: बघा, म्हणूनच आम्ही सांगतो, आकडेबिकडे सोडा, एसआयपी चालू ठेवा, बाकी देवावर सोडा. हा पक्ष पहिल्यापेक्षा शहाणा आहे, पण आळशी आहे. शेअरबाजारात तो बऱ्याच अंशी बरोबर ठरतो. पण मराठी मध्यमवर्गाची संपत्ती मुख्यतः आहे कुठे? राहत्या घरात, त्यावरच्या कर्जात, मुदत ठेवींत, भविष्य निर्वाह निधीत. तिथे दर कळलाच पाहिजे.

गृहकर्जाचेच घ्या. ५० लाखांचे कर्ज, २० वर्षे, पावणेसात टक्के; हप्ता बसतो सुमारे ३८ हजारांचा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो अडीच टक्क्यांनी चढला. सव्वानऊ टक्क्यांनी त्याच मुद्दलाचे महिन्याचे व्याजच साडेअडतीस हजार होते. हप्ता तोच ठेवला तर मुद्दल फिटणे दूर, वाढायचे. असंख्य कर्जदारांचा हप्ता बदलला नाही म्हणून त्यांना काही कळलेही नाही. मुदत मात्र गुपचूप निवृत्तीच्या पलीकडे सरकली होती. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला आदेश काढावा लागला, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. त्या काळात निफ्टीच्या पातळ्या तोंडपाठ असलेले लोक स्वतःच्या कर्जाची उरलेली वर्षे सांगू शकत नव्हते.

आणि ज्याला आपण सरसकट आनंदाची बातमी म्हणतो, ती वीस लाखांच्या ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या आजीसाठी वर्षाला वीस हजारांची पगारकपात असते, दर एक टक्का घटला तर. तिच्या बाजूने कुठल्याही वाहिनीवर कुणी बोलत नाही, कारण ती जाहिरातदार नाही. पीपीएफचा दर तर एप्रिल २०२० पासून २०२५ संपेपर्यंत ७.१ टक्क्यांवर गोठलेला. मधल्या काळात रेपो ४ वर गेला, ६.५० वर आला, पुन्हा ५.२५ झाला. महागाई सात टक्क्यांच्या पुढे असताना तोच ७.१ ठेवीदाराला जेमतेम पुरत होता आणि २०२५ च्या शेवटी तोच घबाड होता. ही तफावत सेन्सेक्सच्या दोनशे अंशांपेक्षा कितीतरी मोठी, पण तिच्यासाठी उलटी मोजणी लागत नाही.

तेव्हा पुढच्या पतधोरणाच्या दिवशी सकाळी दहाला वाहिनी लावण्याआधी दोन कागद काढा: गृहकर्जाच्या खात्याचा उतारा आणि मुदत ठेवींच्या पावत्या. उरलेले हप्ते मोजा, कोणती ठेव कधी संपते ते पाहा, हप्ता वाढवायचा की मुदत हे बँकेला लेखी कळवा. गव्हर्नरांचे निवेदन संध्याकाळी सावकाश वाचा. ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.