फुकट ते पौष्टिक?

डोंबिवलीच्या एका पतपेढीत सध्या मोठा खल चालला आहे. खातेवह्या सांभाळणारा डेटाबेस महागड्या परवान्याचा घ्यावा, की सर्वांना खुला असलेला, परवान्याला दमडीही न लागणारा ‘पोस्टग्रेस’? “फुकटचे ते कितीसे ओझे ओढणार?” असा एका वडीलधाऱ्या संचालकांचा सवाल. मला विचारले गेले, म्हणून हे चार शब्द.

फुकट म्हणजे दुबळे, हा समज आधी सोडावा. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत आधार क्रमांकांचे वाटप सुरू झाले आणि २०१६ साली ती संख्या शंभर कोटींवर गेली. त्या कामात ‘मायएस्क्यूएल’ हा असाच खुला डेटाबेस वापरला गेला. पण शेजाऱ्याचा जोडा आपल्या पायाला बसेलच असे थोडेच आहे? तो घालूनच पाहायला हवा.

पोस्टग्रेससोबत ‘पीजीबेंच’ नावाचे परीक्षेचे साधन मिळते. ते एक लुटुपुटीची बँक मांडते: लहानात लहान मांडणीत एक शाखा, दहा रोखपाल आणि एक लाख खाती. प्रत्येक व्यवहारात खात्याची, रोखपालाची आणि शाखेची शिल्लक बदलते. आता या एका शाखेवर पन्नास गिऱ्हाइके एकदम सोडली, तर सारी त्या एकाच शिलकेपाशी खोळंबतात आणि दोष मात्र डेटाबेसच्या माथी येतो! म्हणून एकदम येणाऱ्या गिऱ्हाइकांहून शाखा कमी ठेवू नयेत.

त्याहून बरे म्हणजे आपलेच व्यवहार घालून पाहावे, तेही गर्दीच्या वेळचे. दुपारच्या लोकलमध्ये ऐसपैस बसता आले, म्हणून सकाळची साडेआठची गाडी रिकामी ठरत नाही. सरासरीवरही विसंबू नये. नव्याण्णव जणांचे काम सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात झाले आणि शंभरावा अर्धा मिनिट ताटकळला, तरी सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आतच दिसते. त्या शंभराव्याला विचारा!

आणखी एक. वेग वाढावा म्हणून काही शहाणे, नोंद डिस्कवर पक्की उतरल्याची खात्री करून घेणारी सोयच बंद करतात. आकडे झकास येतात. पण ऐन वेळी वीज गेली, की ठेवीदाराच्या हाती पावती उरते आणि वहीत नोंद नाही. ती सोय चालू ठेवून जो वेग मिळेल, तोच खरा.

संचालकहो, परवान्याचे पैसे वाचले, तर त्यातले थोडे या परीक्षेवर आणि यंत्रणा सांभाळणाऱ्या जाणत्या माणसावर जरूर खर्चा. ठेवी लोकांच्या आहेत.