ताटाचा हिशेब

आहाराची चर्चा निघाली की बहुधा एखाद्याच पदार्थाची चौकशी आरंभली जाते. तूप हितकर की घातक, अंडे खावे की वर्ज्य करावे, शेंगदाण्याचे तेल बरे की खोबरेल, असे वाद घरोघर रंगतात. आणि एखादा पदार्थ दोषी ठरला की उरलेले सारे ताट निर्दोष सुटते! न्यायदानाची ही पद्धत सोपी खरी. पण हृदय तिला मान देत नाही. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या अस्तरात मेदाचे थर एका जेवणाने साचत नाहीत. रोजच्या आहाराची जशी घडण असेल, त्या मानाने ते वर्षानुवर्षे साचत जातात. पुढे एखादे दिवशी त्या थराला तडा जातो, तेथे रक्ताची गुठळी धरते, आणि रक्ताचा ओघ अडून हृदयविकाराचा झटका येतो. झटका क्षणात येतो. त्याची पूर्वतयारी मात्र एखाद्या तपाहूनही दीर्घ असते.

या बाबतीत फिनलंडच्या पूर्व सीमेवरील उत्तर कारेलिया या प्रांताची हकीकत जाणून घेण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील पुष्कळ लोक लहानशा शेतीवर गाई पाळून किंवा अरण्यात लाकूड तोडून निर्वाह करीत. कडाक्याची थंडी आणि अंगमेहनतीचे काम. तेव्हा चरबीयुक्त जेवण हेच सुबत्तेचे लक्षण मानले जाई. पावावर लोण्याचा जाड थर, स्वयंपाकातही लोणीच, साय न काढलेले दूध, डुकराचे मांस आणि भरपूर मीठ, असा तेथला आहार असे. भाजीपाला हे गुराढोरांचे खाद्य, अशी समजूत! पुरुषांत धूम्रपानही फार. परिणाम असा झाला, की ऐन उमेदीत हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचे तेथील प्रमाण सबंध जगात अत्यंत वरचे होते. घरचे कर्ते पुरुष असे अकाली जाऊ लागले, तेव्हा १९७१ मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनी सरकारकडे साहाय्य मागितले, आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या पंचविशी नुकत्याच ओलांडलेल्या डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली कार्यास प्रारंभ झाला.

पुस्का यांनी केवळ लोण्याची निंदा केली असती, तर लोकांनी व्याख्याने ऐकली असती आणि घरी जाऊन पावाला लोणी फासले असते. त्यांनी ‘मार्था’ या गृहिणींच्या संघटनेची मदत घेतली. गावोगाव संध्याकाळी मेळावे भरू लागले. त्या प्रांतात मांसाचा एक रस्सा फार आवडीचा आहे. तो टाकून द्या असे कोणी सांगितले नाही; त्यातील चरबी व मीठ कमी करून गाजरे आणि कंदमुळे वाढविली, आणि जमलेल्यांना तो खावयास घातला. पदार्थ तोच राहिला, त्यातील तोल बदलला. गवळी शेतकऱ्यांचा प्रश्न याहून बिकट होता. ज्याचे पोट लोण्यावर, त्याला लोण्याविरुद्धचा उपदेश कसा रुचावा? म्हणून पुढे त्या थंड प्रदेशात उत्तम येणाऱ्या बोरवर्गी फळांच्या लागवडीस उत्तेजन देण्यात आले, आणि मोहरीच्या जातीच्या एका बियाचे तेल देशातच काढले जाऊन स्वयंपाकघरात लोण्याच्या जागी येऊ लागले. पुढील सुमारे पस्तीस वर्षांत त्या प्रांतातील पस्तीस ते चौसष्ट वर्षे वयाच्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहूनही अधिक घटले. धूम्रपान घटले, रक्तदाबावर उपचार झाले, यांचा वाटा त्यात आहेच. तथापि मोठा वाटा रक्तातील कोलेस्टेरॉल उतरल्याचा, म्हणजे पर्यायाने बदललेल्या आहाराचा होता.

याच देशातील दुसरा एक प्रयोग याच्या शेजारी ठेवून पाहावा. गाजरासारख्या भाज्यांतील एक द्रव्य, बीटा-कॅरोटीन, गोळीच्या रूपाने दिल्यास रोग टळतील, या आशेने फिनलंडमधील २९,००० हून अधिक धूम्रपायी पुरुषांवर तो करण्यात आला. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तो उलटाच. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढला होता, आणि हृदयविकाराचे मृत्यूही काहीसे अधिक भरले. ताटातील गाजराचे काम डबीतील गोळीने केले नाही!

भारतासारख्या देशाने या गोष्टी परक्या मानण्याचे कारण नाही. बावन्न देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीच्या आधारे २००७ मध्ये असे दिसून आले, की भारत व त्याच्या शेजारच्या देशांत पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या सुमारास येतो. अन्यत्र तो ५९ च्या आसपास येतो. रोज फळे व भाज्या खाणाऱ्यांचे प्रमाणही या देशांत बरेच कमी आढळले. आपण शाकाहारी आहोत, तेव्हा हृदयाची चिंता नको, असे मानणारी कुटुंबे महाराष्ट्रात थोडी नाहीत. परंतु चहाबरोबर बिस्किटे, दुपारी भाताचा ढीग व नावापुरती भाजी, संध्याकाळी फरसाण आणि उपवासाला तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, हाही शाकाहारच! उलट ज्वारीची भाकरी, पालेभाजी, घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी आणि ताक, या साध्या जेवणात कोंड्यासह धान्य, कडधान्य, भाजी आणि तेलबी एकत्र येतात. त्यावर चमचाभर तूप पडले म्हणून ते ताट बिघडत नाही, आणि पहिल्या ताटातून तेवढे तूप वगळले म्हणून ते सुधारतही नाही.

मात्र घरातले ताट सुधारणे ही केवळ घराची जबाबदारी आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाजारातील तळणीत कोणते तेल कितव्यांदा तापते, हे गृहिणीला कोठून कळावे? उत्तर कारेलियात स्वयंपाकघराबरोबर शेत व दुकानही बदलले, हे विसरून चालणार नाही. भारतातही तशी पावले पडली आहेत. खाद्यतेले आणि वनस्पती तूप यांतील ट्रान्स-मेदाचे प्रमाण शंभरात दोन भागांहून अधिक नसावे, असे बंधन २०२२ पासून आहे. चरबी, मीठ किंवा साखर यांचा अतिरेक असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत विकू नयेत, असा नियम २०२० मध्येच करण्यात आला. तो कितपत पाळला जातो, हे मधल्या सुट्टीत फाटकाशी उभे राहिल्यास कोणालाही पाहता येईल.